चूलबंद आवतन

आमच्या गावाचा आता व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. सकाळी चहा गॅसवर ठेवते ना ठेवते तोच फोन टुंग टुंग करायला लागतो. बुधवारी उपकेंद्रात लसीकरण, शुक्रवारी गरोदर मातांची तपासणी, रविवारी शाळेत पालक मेळावा, सोमवारपासून सप्ताह, इच्छुकांनी नावे द्यावीत. खाली पन्नास जण हात जोडतात आणि मेळाव्याला जेमतेम सात जण येतात. परवा नवी अंगणवाडी सेविका, म्हणजे मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी लागलेली पोरगी, माझ्यापुढे रडगाणं लावून बसली की काकू, तीनदा मेसेज टाकला, तरी लोक येत नाहीत. मी म्हटलं, बस, चहा घे, तुला एक गोष्ट सांगते. ती म्हणाली, घाई आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे. मग मी ती गोष्ट लिहूनच काढायचं ठरवलं. माझ्या गुडघ्यांना आता कसलीच घाई उरलेली नाही.

आमचं घर नाल्यापलीकडच्या वस्तीत होतं. गाव खाली आणि वस्ती वर, मध्ये नाला, आणि नाल्यावर पूल नव्हता. पत्र्याच्या दोन खोल्या, समोर कुडाचा आडोसा, मागे आंबाडी आणि वांग्यांची चार झाडं. सकाळी जाग यायची ती गिरणीच्या फटफटीनं नाही तर आईच्या ठेच्यानं. लोखंडी तव्यावर ती लसूण-मिरची अशी रगडायची की शेजारच्या घरातही ठसका लागायचा, आणि तिकडून कोणीतरी ओरडायचं, "झालं वाट्टे किसनाच्या घरी!" किसन म्हणजे माझे बाबा. ज्वारीची भाकर, ठेचा, कधी आंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. मी आजवर पुष्कळ लग्नांत पुष्कळ पक्वान्नं खाल्ली, पण त्या गरम भाकरीच्या पापुद्र्यात भरलेल्या ठेच्याची सर कशालाच आली नाही. माझ्या पाठची बहीण सोनी तेव्हा चार वर्षांची होती आणि तिला ठेचा चालायचा नाही, म्हणून आई तिची भाकर दुधात कुस्करून द्यायची. मला त्याचा फार राग यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दिवाळी झाली की आमची वस्ती ऊसतोडीला जायची. ट्रक यायचा, त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, कोयते आणि लेकरं भरली जायची. गुढीपाडव्यापर्यंत वस्तीत फक्त म्हातारी माणसं आणि कुत्री. मी पाच वर्षं त्या ट्रकमधून गेले होते. तिकडे आई-बाबा उसाच्या फडात, आणि मी पाचटाच्या खोपीत सोनीला सांभाळत, पाणी भरत, भाकरी थापत. परत यायचे तेव्हा वर्गातली मुलं अपूर्णांकाच्या पार पुढे गेलेली असायची आणि गुरुजी मला दया म्हणून वरच्या वर्गात ढकलायचे. दयेनं पास होणं मला मुळीच आवडायचं नाही. त्या वर्षी मी सातवीत होते. पहिल्या चाचणीत वर्गात पहिली आले होते, गावातल्या पाटलाच्या पोराला मागे टाकून, आणि हे मी वस्तीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगून आले होते. पण दिवाळीनंतर पुन्हा खोप होतीच.

त्याच सुमारास गुरुजींनी आणि अंगणवाडीच्या कुसुमताईंनी एक खटाटोप चालवला होता. बाहेर कामाला जाणाऱ्यांच्या लेकरांना गावातच ठेवायचं, शाळेच्या दोन खोल्यांत. दोन वेळचं जेवण, सांभाळायला गावातल्याच दोन बाया, आणि शाळा समोरच. तालुक्याहून एक मॅडम ही सोय मंजूर करणार होत्या. त्यांची अट एकच होती. तीस लेकरांच्या आईबापांनी स्वतः सभेला यायचं, स्वतः तोंडानं सांगायचं आणि कागदावर सही नाही तर अंगठा द्यायचा. मी हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, झालं की मग. तीस काय, आमच्या एका वस्तीत पन्नास लेकरं निघतील.

पहिल्या सभेची सूचना पंचायतीच्या भोंग्यावरून झाली. पंचायतीचा शिपाई रोज सकाळी देवळाच्या कळसाला बांधलेल्या भोंग्यातून गावाला काय काय होणार ते सांगायचा. आधी खोकायचा, मग दोनदा फुंकर मारायचा, मग सुरू व्हायचा, "ऐका हो ऐका, उद्याले ढोराची तपासनी हाय, परवाले रेशनची साखर येनार हाय, गुरुवारी शाळेत पालक सभा हाय." गावानं तो आवाज गिरणीच्या आवाजासारखाच मानला होता, तो चालू आहे एवढंच कळायचं. गुरुवारी मॅडम जीपमधून आल्या. सभेला चार माणसं आली आणि त्यातला एक जण सावली आहे म्हणून येऊन बसला होता. मॅडम रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट झालं. त्यांनी शांतपणे वही मिटली आणि म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी मी शेवटची येते. तेव्हाही माणसं नसली तर ही सोय दुसऱ्या गावाला जाईल. तिथले लोक मागे लागलेत."

मी खिडकीबाहेर उभी राहून हे ऐकत होते. घरी येऊन मी बाबांवर भडकले. "तुमी काहून नाई आले?" बाबा बैलाच्या दाव्याला पीळ घालत होते. म्हणाले, "मले कोनं बलावलं?" मी म्हटलं, "भोंग्यावर सांगतलं ना." ते हसले. "भोंग्यावरचं काय आवतन असते का? दारात येऊन कोनं सांगतलं तं मानूस जाते. बिनआवतनाचं जाऊन बसाले मी काय लाचार हाव?" मी चिडून कुसुमताईंकडे गेले आणि तेच सांगितलं. कुसुमताई उंच, काळ्यासावळ्या, पदर कमरेला खोचून चालणाऱ्या. त्या म्हणाल्या, "बराबर बोलला तुहा बाप. मंग तूच जाय आवतन द्याले. वस्तीतली हायस, तुले कोनी नाई म्हननार नाई."

आमच्याकडे आवतन ही साधी गोष्ट नाही, हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. आवतन म्हणजे जेवणाचं, कार्याचं बोलावणं, आणि ते दारात उभं राहून, अक्षता देऊन करावं लागतं. त्याचेही प्रकार असतात. 'घरटी एक' म्हटलं तर घरातून एकानं यायचं, बहुधा म्हातारा येतो. 'बाप्यांचं' म्हटलं तर फक्त पुरुष. आणि 'चूलबंद' म्हटलं तर सगळ्यांनी यायचं, नवरा, बायको, म्हातारी, तान्हं लेकरू, पाहुणा असला तर पाहुणासुद्धा. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. मी बुधवारी शाळा सुटल्यावर आईच्या परडीत कुंकू लावलेल्या अक्षता घेतल्या, दोन वेण्या घातल्या, बुडाखाली फाटलेला परकर मागून धरला आणि निघाले.

पहिल्याच दारात मी म्हटलं, "उद्याले शाळेत आवतन हाय." घरची बाई शेण सारवत होती. तिनं हात न धुताच विचारलं, "कसं आवतन हाय वं? घरटी एक का चूलबंद?" मला हा प्रश्न येईल असं वाटलंच नव्हतं. पण मी क्षणात हिशेब केला. घरटी एक म्हटलं तर म्हातारे येतील, आणि म्हाताऱ्यांच्या सह्या मॅडमना नको होत्या. बाप्यांचं म्हटलं तर आया राहतील. आणि मला तर आई पाहिजे होती, बाप पाहिजे होता आणि लेकरूही पाहिजे होतं, कारण कुसुमताईंना त्याच दिवशी लेकरांचं वजन करायचं होतं, आणि नर्सबाई डोस घेऊन येणार होत्या. मी छाती पुढे काढून सांगितलं, "चूलबंद." बाई खुश झाली. पुढच्या दारातही चूलबंद, त्याच्या पुढच्याही. वस्ती झाली, मग नाला ओलांडून गावातही गेले. मला त्या वेळी फक्त माणसं दिसत होती. जेवण दिसतच नव्हतं. एवढी हुशार, वर्गात पहिली आलेली पोरगी, आणि चूलबंद म्हणजे चूल बंद हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आज हसू येतं, पण तेव्हाचा तो फुगलेला चेहरा आठवला की स्वतःचा कान पिळावासा वाटतो.

गुरुवारी दहा वाजता माणसं यायला लागली. मी शाळेच्या ओट्यावर उभी होते. नाल्यातून बाया इस्त्री केल्यासारख्या घड्यांच्या लुगड्यांत येत होत्या, लेकरांच्या डोक्याला तेल, डोळ्यांत काजळ. बाप्यांच्या डोक्यावर धुतलेल्या टोप्या. पटांगण भरलं, मग निंबाखालची जागा भरली. मॅडम खुर्चीवरून उठून बघायला लागल्या. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. आणि मग मला दिसलं की प्रत्येक घराच्या हातात ताटं आहेत आणि तांब्ये आहेत. पंगतीला आमच्याकडे आपलं ताट आपणच न्यायचं असतं. कुसुमताईंच्याही ते लक्षात आलं. त्या माझ्याजवळ आल्या, आवाज न चढवता म्हणाल्या, "कमल, तू काय सांगून आली वं?" मी म्हटलं, "चूलबंद." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि तिथंच पायरीवर बसल्या.

बातमी पसरायला काय वेळ लागतो. जेवण नाही हे कळलं तशी कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला, "आमच्या घरी तं चूलबी नाई पेटोली, लेकरं उपाशी हायेत." दुसरा म्हणाला, "गावानं वस्तीची मजाक केली." गावातला म्हणाला, "वस्तीच्या पोरीनं गावाची केली." दोन-तीन घरं ताटं काखेत मारून निघालीसुद्धा. मी बाबांकडे बघायलाही धजत नव्हते. ते गर्दीतून सरळ माझ्यासमोर आले. मला वाटलं आता चारचौघांत थोबाडीत बसणार. ते म्हणाले, "आवतन कोनाच्या परडीत नेलं होतं?" मी म्हटलं, "आपल्या." ते म्हणाले, "म्हंजे ते माह्या घरचं आवतन झालं." एवढंच बोलून ते वळले आणि नाल्याकडे निघाले. परतले तेव्हा त्यांच्या पाठीवर गव्हाच्या पिठाचं पोतं होतं. मी ते पोतं ओळखलं. ऊसतोडीला जाताना सोबत न्यायचं म्हणून आईनं आदल्या दिवशीच गिरणीतून दळून आणलेलं, आमचं पुढच्या महिन्याचं जेवण होतं ते. त्यांनी ते शाळेच्या ओट्यावर टाकलं आणि मोठ्यानं म्हणाले, "कोनी जाऊ नोका. रोडगे लावतो."

मग गावातले गणपतकाका उठले. गणपतकाका म्हणजे पंचक्रोशीत रोडग्यांचे उस्ताद, आणि तोंडानं फटकळ. ते म्हणाले, "किसना, एका पोत्यात काय होते रे? मानसं पाह्य ना किती हायेत. आन गोवऱ्या कोन देते, तुहा सासरा?" सगळे हसले. पुढच्या अर्ध्या तासात काय झालं ते मला आजही धडपणे सांगता येत नाही. कोणी पीठ आणलं, कोणी डाळ, कोणी परसातली वांगी कापडात बांधून आणली, गोवऱ्यांचे भारे आले, एका घरानं तुपाचा डबा आणला आणि आणल्याचं तीनदा सांगितलं. पटांगणाच्या कडेला गोवऱ्यांचे तीन मोठे विस्तव पेटले.

आता रोडगे ही काय चीज आहे ते मला सांगू द्या, कारण सगळी मेख तिथंच आहे. जाड दळलेलं पीठ घट्ट मळायचं, लहान लहान पुऱ्या करून एकीवर एक तेल लावून रचायच्या, त्या सगळ्या एका मोठ्या पारीत गुंडाळायच्या आणि त्याचा मुठीएवढा गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. मग उलटायचा, पुन्हा पुरायचा. बाहेर काढून राख झटकायची, फडक्यानं पुसायचा, फोडायचा, वर तूप. हे काम आमच्याकडे बाप्येच करतात, बायांना ते विस्तवाजवळ फिरकू देत नाहीत. आणि याला तीन तास लागतात. कमी नाहीच. घाई केली तर आत कच्चा राहतो. म्हणजे त्या दिवशी सगळे बाप विस्तवाभोवती अडकले, सगळ्या आया वांगी चिरत निंबाखाली अडकल्या, आणि घरी जाऊन करायचं काय, चूल तर थंड. शाळेतून कोणाला हलताच येईना.

मॅडम हुशार बाई होत्या. त्यांनी खुर्ची उचलायला लावली आणि थेट विस्तवाजवळ जाऊन बसल्या, धुरात. डोळे पुसत पुसत त्या एकेकाला विचारायला लागल्या, तुमची किती लेकरं, तिकडे थंडीत कुठं झोपतात, आजारी पडली तर काय करता. असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. सभेत एरवी तोंड न उघडणारे बाप्ये पीठ मळता मळता बोलायला लागले. एकानं सांगितलं की त्याचं लेकरू फडात उसाच्या गाडीखाली येता येता वाचलं. सांगताना त्याचे हात थांबले होते. इकडे निंबाच्या फांदीला कुसुमताईंनी वजनाचा काटा टांगला, त्यात लेकरं झोळीत बसून ठणाणा करत होती, नर्सबाई दंडाला सुई टोचत होत्या, आणि रडणाऱ्या प्रत्येकाला गणपतकाका कच्च्या पिठाची चिमणी करून देत होते. वहीवर अंगठे उमटायला लागले. पिठाचे, राखेचे, काहींवर तुपाचे डाग. ती वही मी पुढे नोकरीला लागल्यावर एकदा हातात घेतली होती, अजून त्या पानांना धुराचा वास होता, किंवा मला तसं वाटलं.

तीस केव्हाच झाले. चाळीसही झाले. गुरुजी मोजून थकले. पण माझ्या बाबांचा अंगठा त्यात नव्हता. ते विस्तवापुढे उकिडवे बसून काठीनं रोडगे उलटत होते. मी त्यांच्या बाजूला जाऊन बसले. मी म्हटलं, "बाबा, तुमी सही नाई केली." ते निखाऱ्यांकडेच बघत म्हणाले, "तू नाई आली तं सोनीले कोन पाह्यीन? तुही माय फडात जाईन का लेकरू धरून बसन?" सोनी वसतिगृहात राहण्याएवढी मोठी नव्हती. मी खरं सांगते, त्या क्षणी मला सोनीचा राग आला आणि लगेच रडू आलं. सगळ्या गावाच्या लेकरांचं मी केलं होतं, आणि माझंच होत नव्हतं.

आई आमच्या मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. माझी आई बाबांपुढे चारचौघांत बोलत नसे. तिच्या हातात चिरलेल्या वांग्यांची परात होती. ती म्हणाली, "सोनी माह्यासंग राहीन. मी तिले पाठीले बांधीन, नाई तं बांधावर बसवीन. कमल झाली तवा मी तिले बांधलंच होतं ना." बाबा म्हणाले, "अन काम?" आई म्हणाली, "काम मी करते, तुमी नोका सांगू. पोरगी पैली आली वर्गात. मी तिले आता भाकरी थापाले नेनार नाई." एवढं बोलून ती परात घेऊन चुलीकडे निघून गेली, जणू मीठ किती टाकू एवढंच विचारायला आली होती. गणपतकाकांनी राखेतून एक रोडगा बाहेर ओढला, बाबांपुढे टाकला आणि म्हणाले, "ऐकलं ना बाप्पा? आता हात पूस अन जाय." बाबांनी हात पुसले नाहीत. तसेच राखेच्या हातांनी गेले. त्यांना स्वतःचं नाव लिहिता यायचं, तेवढंच यायचं. त्यांनी अंगठा दिला नाही, जीभ दातात धरून एकेक अक्षर काढत सही केली. मॅडम वाट बघत होत्या.

मग पंगत बसली. गाव आणि वस्ती एका रांगेत, घरून आणलेल्या ताटांत. वरण पातळ झालं होतं, वांगी तिखट झाली होती, पहिल्या विस्तवातले रोडगे एका बाजूनं जळले होते. मॅडमनी तीन खाल्ले. मी किती खाल्ले ते सांगत नाही. निघताना जीपमध्ये बसता बसता मॅडमनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "हे चूलबंद आवतन कोणाची कल्पना?" मी म्हटलं, "माझी." पूर्णपणे खरं नव्हतं ते, पण खोटंही म्हणता येणार नाही. कुसुमताई माझ्या मागे उभ्या होत्या, त्यांनी माझी वेणी ओढली. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात पिठाची दोन पोती येऊन पडली होती. कोणी टाकली ते बाबांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर ट्रक आला. या वेळी तो नाल्याच्या अलीकडे, शाळेसमोरच्या रस्त्यावर उभा राहिला. आईनं सकाळीच येऊन माझ्या हातावर ठेच्याची बरणी ठेवली होती, सोनीनं माझ्या परकराला घट्ट धरून ठेवलं होतं आणि तिला सोडवताना आम्ही तिघीही रडलो. मग घंटा झाली आणि मी वर्गात जाऊन बसले, खिडकीच्या बाजूला. मुकादम ट्रकच्या फाळक्यावर चढून नावं पुकारत होता, घराघरानं माणसं चढत होती. आमच्या घराचं नाव आलं. मुकादमानं बघितलं, आई, सोनी, बाबा. तो ओरडला, "किसन, तुही मोठी पोरगी कुठी हाय? बसव तिले लवकर." ट्रकमध्ये उभ्या बाबांनी मान वर केली. अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, एक एक शब्द तोडून, ते म्हणाले, "माही पोरगी शाळेत हाय." तेवढ्यात गुरुजींनी हजेरीत माझं नाव घेतलं. ट्रक सुरू झाला होता, त्याच्या घरघरीत माझा आवाज बुडू नये म्हणून मी बाकावर उभी राहिले आणि खिडकीकडे तोंड करून म्हटलं, "हजर."